अर्धी प्रदक्षिणा

“दोरा हिच्याकडे द्या. हिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतं.”

लातूरच्या कॉलेजात भूगोलाच्या प्रात्यक्षिकाचा तास होता. लांब टेबलावर स्थलनिर्देशक नकाशा पसरलेला. कोपऱ्यांवर शाईच्या दौती ठेवून तो सपाट केलेला. वळणावळणाच्या रस्त्याचे अंतर पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी दोरा घ्यायचा, रस्त्याच्या प्रत्येक वळणावर तो बसवीत न्यायचा, आणि मग सरळ ताणून खालच्या प्रमाणपट्टीवर धरायचा. त्या दिवशी लातूर ते औसा हा रस्ता मोजायचा होता. सरांनी खिशातून पांढरा दोरा काढला, वर्गावर नजर फिरवली, ती माझ्यावर थांबवली, आणि ते वाक्य उच्चारले.

कोणी खदखदून हसले नाही. सभ्य घरांतली मुले होती. ती ओठांच्या कोपऱ्यात हसली.

मातंगांची मुलगी त्या वर्गात मी एकटीच. आमच्या घरी अंबाडीच्या वाखाचे दोर वळत. हे सर्वांना माहीत होते, आणि ते चारचौघांत बोलण्याची वस्तू आहे हे त्या दिवशी सर्वांना कळले.

दोऱ्याचे टोक माझ्या हातात आले. “टोक धरून लांब उभी राहा,” सर म्हणाले. “हाताचा घाम लागतो कागदाला.”

घाम प्रत्येकाच्याच हाताला होता. पंखा बंद होता. दुष्काळाचे दिवस होते.

मी टोक धरले. लांब उभी राहिले. पुढच्या तासालाही. त्याच्या पुढच्या तासालाही. टोक कोणी धरायचे हा प्रश्नच मग उरला नाही. मी नकाशावाचन शिकायला आले होते, आणि नकाशा मला दिसे तो इतरांच्या खांद्यांवरून.

सर शिकवीत मात्र उत्तम. ज्याच्याकडून विद्या मिळाली त्याचे ऋण नाकारू नये, असा माझ्यावर संस्कार आहे, म्हणून हे नमूद करते. नकाशा आधी वाचावा, मग पाहावा, असे ते सांगत. प्रथम शीर्षक. मग उत्तरेचा बाण. मग प्रमाण. मग चिन्हांची सूची. एवढे झाल्यावाचून मधल्या भागावर डोळा जाऊ द्यायचा नाही. मला हे तत्काळ पटले. मंगलाचरण म्हटल्यावाचून ग्रंथाला हात घालू नये, हे मी बालपणीच शिकले होते.

कोठे शिकले, ते सांगायला हवे. आमचे गाव औशाहून निलंग्याकडे जाताना आडवाटेला लागते. गावापासून कोसभरावर एक मठ होता. मठाच्या विहिरीला आणि गुरांना लागणारे दोर माझा बाप पुरवीत असे. मी त्याच्याबरोबर जाई. मठातले वृद्ध स्वामी, ज्यांना सारा परिसर अप्पा म्हणे, लिंगायतांच्या मुलांना ओसरीवर संस्कृत शिकवीत. एके दिवशी त्यांनी मला विचारले, शिकतेस का. मी मान हलवली. त्या दिवसापासून मुले ओसरीवर आणि मी पायरीखाली, अशी आमची पाठशाळा भरू लागली. अप्पांनी मला संथा दिली, विभक्त्या दिल्या, उच्चाराची शुद्धता दिली. पूर्वेला तोंड करून बसण्याची सवय दिली. ओसरी दिली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही. मी आजही सकाळी त्यांचे स्मरण करून दिवा लावते, आणि दिवा लावताना ती पायरीही मला आठवते.

आता गावाची रचना सांगते, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. विहीर पश्चिमेला. मध्ये गाव. वस्तीच्या तोंडापासून निघालेली एक गल्ली थेट गावातून विहिरीकडे जाते. त्या गल्लीत आमच्या बायकांनी पाऊल टाकायचे नाही, घागर तर न्यायचीच नाही, असा दंडक होता. आम्ही उत्तरेने जात असू. निवडुंगाच्या कुंपणाला लागून, उकिरडे ओलांडून, खळ्यांच्या मागून, नाल्यात उतरून, पुन्हा चढून. विहिरीवर पोहरा आम्ही टाकायचा नाही. घागर खाली ठेवून थांबायचे. कोणाच्या मनात आले की वरून पाणी पडे. पोहऱ्याचा दोर माझ्या बापाने वळलेला असे.

बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते. गावातले बाकी सारे पाणी आटले, ती एक विहीर तेवढी उरली. माय आणि मी दिवसातून कितीदा तरी तो वळसा घालीत असू. पाय भाजत. मी रडले की माय चालता चालता डावीकडे हात करी. घरांच्या सपाट माळवदांच्या वर महादेवाच्या देवळाचा कळस दिसे. घरांच्या अलीकडे की पलीकडे, ते खालून कळत नसे. कळस तेवढा दिसे.

“गल्ली म्हादेवाच्या दारावरनं जाती, म्हून आपुन तिकडनं जायचं न्हाई,” माय सांगे. “आन् रडतीस कशाला? ही परदक्षिणा हाय, बाई. म्हादेवाची परदक्षिणा आर्धीच असती. जायचं आन् त्याच वाटंनं माघारी यायचं. आपुन रोज घालून राहिलोत. गल्लीतल्या बायांच्या नशिबी हे पुन्य न्हाई.”

हे तिला तिच्या सासूने सांगितले होते. सासूला तिच्या सासूने.

मी अप्पांना विचारले, महादेवाची प्रदक्षिणा खरेच अर्धी असते का. ते प्रसन्न झाले. म्हणाले, अभिषेकाचे पाणी गाभाऱ्यातून ज्या पन्हळीने बाहेर वाहते तिला सोमसूत्र म्हणतात. शिवाचे सोमसूत्र ओलांडू नये. तेथवर जावे आणि आल्या वाटेने परत फिरावे. मी कोणत्या वाटेविषयी विचारते आहे, हे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही. माझ्या मनात सारे जुळले होते. जेथे पाणी, तेथून परत फिरायचे. विहीर हेच आमचे सोमसूत्र. त्यानंतर मी रडले नाही. डोक्यावर घागर आणि ओठांत पंचाक्षरी. उन्हात, काट्यांत, उकिरड्याच्या वासात. मला अभिमान वाटत असे. हा शब्द मी विचारपूर्वक लिहिते. अभिमान.

अशी मी कॉलेजात आले. अशीच दोऱ्याचे टोक धरून उभी राहिले. ज्या मुलीला वळसा पुण्याचा वाटत होता, तिला टोक धरणे सेवेचे वाटले तर त्यात नवल कसले?

तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या प्रात्यक्षिकाच्या खोलीच्या भिंतीवर मात्र अजून जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याचाच नकाशा टांगलेला होता. कोणी तरी लाल पेन्सिलीने लातूर, औसा, निलंगा, उदगीर आणि अहमदपूर यांच्याभोवती रेघ ओढून नवा जिल्हा कापून घेतला होता. नव्या कचेरीत माणसे कमी, खुर्च्या त्याहून कमी. आणि पाऊस पुन्हा नव्हता. टंचाईच्या कामावरचे एक साहेब सरांच्या परिचयाचे होते. ते गावठाणांचे नकाशे घेऊन आमच्या खोलीत आले. कोणत्या वस्तीला नवा बोअर द्यायचा, हे ठरवायचे होते. नियम सोपा होता. वस्तीपासून चालू पाणी ठरलेल्या अंतराच्या आत असेल तर बोअर नाही. बाहेर असेल तर आहे. अंतर नकाशावर दोऱ्याने मोजायचे. मुलांना सराव, साहेबांना आकडा.

एकामागून एक गावे टेबलावर येत होती. मी टोक धरून उभी होते. मग आमचे गाव आले.

“तुझंच गाव की गं हे,” सर म्हणाले. “ये पुढं. वस्ती कुठली ते दाखव.”

मी टेबलाशी आले. एवढ्या जवळून प्रथमच. बोअरची गाडी औशाच्या बाजूला उभी आहे आणि आजच पुढे हलायची आहे, असे साहेब बोलत होते. माय त्या घटकेला कोठे असेल, हे मला ठाऊक होते. नाल्यात, किंवा विहिरीवर घागर खाली ठेवून.

मी आधी वाचले, मग पाहिले. शीर्षक. आमच्या गावाचे नाव. उत्तरेचा बाण. मोठे प्रमाण, घरे वेगवेगळी दिसावीत एवढे. सूची. मग मध्यभाग.

माझ्या गावाचा मध्यभाग मी आयुष्यात प्रथम पाहिला तो असा. कागदावर. ज्या गावात जन्मले, त्या गावाची गल्ली मला एका छापील रेघेने दाखवली. पूर्वेला काही लहान चौकोन होते, त्यांना नाव नव्हते. ती आमची वस्ती. तेथून गल्ली निघाली होती. मी तिच्यावर देवळाचे चिन्ह शोधू लागले. मनातल्या मनात हात जोडले होते.

गल्लीच्या तोंडाशी नव्हते. मध्यावर नव्हते. विहिरीच्या बाजूला नव्हते.

चिन्ह होते ते दक्षिणेला. गावठाणाच्या रेघेच्या बाहेर, ओढ्याच्या काठी, एकटे. त्या अंगालाही आमच्या बायकांना जाणे नव्हते. गल्ली त्याच्या दारावरून जात नव्हती. त्याच्या जवळूनही जात नव्हती. आणि आमची वाट तर उत्तरेची. गल्लीने गेलो असतो तर देवाच्या जवळून गेलो असतो. वळशाने आम्ही देवापासून आणखी दूर जात होतो.

मग मध्ये काय होते? मी पुन्हा वाचले. मोठे चौकोन होते. घरे. घरांच्या ओसऱ्या.

देव त्या वळशात नव्हताच. माझी माय, तिची सासू, तिच्या सासूची सासू, ज्यांच्याभोवती घागरी घेऊन फिरल्या ती माणसे होती. ओसरीवर बसलेली. पान लावणारी.

माझ्या कानांत पंचाक्षरी चालूच होती. ती मध्येच थांबली.

सरांनी मी दाखवलेल्या चौकोनांवर माझ्या हातातले टोक टेकवले. दुसऱ्या हाताने दोरा गल्लीवरून सरळ विहिरीपर्यंत नेला. प्रमाणपट्टीवर धरला. “आत बसतंय, साहेब.”

“मग वगळू,” साहेब म्हणाले. “गाडी उदगीरकडं लावतो. मोजणाऱ्याची सही द्या खाली.”

“सही हिचीच घ्या. तिथलीच आहे. उद्या कुणी तक्रारीचा कागद घेऊन यायला नको.”

सरांनी पेन माझ्यापुढे केले. उजव्या हातात दोऱ्याचे टोक होते. पेन घ्यायचे तर ते सोडायला हवे होते.

“सर, पाणी या वाटेनं येत नाही.”

मी डावा हात कागदावर ठेवला. बोटाने दोरा गल्लीवरून उचलला आणि उत्तरेकडे नेला. कुंपणाच्या कडेने. खळ्यांच्या मागून. नाल्यात, नाल्याबाहेर. प्रत्येक वळणावर बसवीत, त्यांनीच शिकवले होते तसे. कागदावर घामाचा डाग पडला. पडू दिला. विहिरीपर्यंत पोहोचण्याआधीच दोरा संपला.

“ही वाट नकाशात नाही,” सर म्हणाले.

“नाही. पण माझी माय याच वाटेनं जाते.”

“का? गल्ली सरळ आहे की.”

त्यांच्या डोळ्यांकडे मी पाहिले, आणि मला कळले की उत्तर त्यांना माहीत आहे. साहेबांना माहीत होते. टेबलाभोवतीच्या मुलांना माहीत होते. त्यांच्याही गावांत अशाच वाटा होत्या. ते उत्तर माहीत असूनही कोणी मोठ्याने म्हणायचे नाही, एवढ्यावर ती खोली शांत होती.

“गल्लीतून आम्हाला पाणी नेऊ देत नाहीत, सर.”

साहेबांनी पेनाला टोपण घातले. त्यांचा स्वर वाईट नव्हता. “बाई, मला कागदावर आहे ते धरावं लागतं. गल्ली सरकारी. कुणी अडवत असलं तर ते काम पोलिसांचं. माझं नाही.”

सर माझ्याकडे झुकले. आवाज खाली आणला. “असलं इथं काढायचं नाही. इथं भूगोल चाललाय. दोरा सोड.”

मी दोरा सोडला नाही.

त्यांनी ओढला. मी धरून राहिले. दोरा तुटला. बाजारचा होता. आमच्या घरी वळलेला असता तर तुटला नसता.

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले.

सही सरांनी केली. साहेबांची जीप निघून गेली. बोअरची गाडी उदगीरकडे गेली. त्या वर्षी प्रात्यक्षिकात मला नापास केले.

हे येथेच संपले असते तर मी कदाचित लिहिले नसते. पुढचा प्रसंग मला अधिक कठीण आहे.

शनिवारी गावी गेले. माय अंगणात वाखाला पीळ घालीत होती, बाप दुसऱ्या टोकाला बसला होता. मी काटकी घेतली आणि मातीत गाव काढले. वस्ती. गल्ली. विहीर. आमची वाट. शेवटी दक्षिणेला, ओढ्याकाठी, देऊळ. माय वाकून पाहत राहिली. तिला अक्षर येत नव्हते, पण मातीतले गाव तिने ओळखले. देवळापाशी काटकी टेकवून तिने विचारले, हे हितं हाय? मी हो म्हणाले. गल्लीवर न्हाई? मी नाही म्हणाले.

वाखाचा पीळ तिच्या हातात उलगडत गेला.

“मंग येवडी वर्सं म्या परदक्षिणा घातली कुणाला?”

मी काटकी खाली ठेवली.

बाप माझ्याकडे पाहत नव्हता. तो लग्नांत हलगी घेऊन त्या गल्लीत जात असे. देऊळ गल्लीवर नाही, हे त्याला आयुष्यभर माहीत होते. त्याने कधी सांगितले नव्हते. तो खाली मान घालून म्हणाला, “येवडा येक धरम व्हता तिच्यापाशी. त्योबी घेतलास.”

मी क्षमा मागितली नाही. मागावी असे वाटत होते. पण चूक कोणाची, हे मी नुकतेच मापून आले होते.

सकाळी मायने घागर घेतली. मला वाटले, ती उत्तरेला वळेल. ती वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला.

“कोन्ती ती तुजी गल्ली? दाव.”

दोघींपैकी एकीनेही ती गल्ली पायांनी पाहिलेली नव्हती. मी पुढे झाले. नकाशा डोळ्यांपुढे आणला. उगवता सूर्य पाठीशी, म्हणजे तोंड पश्चिमेला, म्हणजे उत्तर उजव्या हाताला. उजवीकडे एक मोठा चौकोन असायला हवा. होता. त्याच्या पुढे रस्ता थोडा डावीकडे झुकायला हवा. झुकला. मग चौक, मग पार. जन्मगावातून मी अशी चालत होते, परक्या मुलखात वाट काढणाऱ्यासारखी. मागे मायच्या कांकणांचा घागरीवर होणारा आवाज.

ओसऱ्यांवरची बोलणी थांबत गेली. पाराजवळच्या घरातून एक मध्यमवयीन गृहस्थ दात घासत बाहेर आले होते. ते थुंकले. मग हसून विचारले, “वाट चुकली काय गं, दोरवाले?”

मी उत्तर देणार होते. माझ्याआधी माय बोलली. तिने मान वर केली नव्हती.

“न्हाई, मालक. वाट बरूबर हाय.”

आम्ही चालत राहिलो. विहिरीवरच्या बायका पोहरा वर ठेवून बाजूला झाल्या. कोणी पाणी वाढले नाही. मी पोहरा टाकला. दोर माझ्या बापाच्या हातचा होता, तो मी हाताने ओळखला. घागर भरली. आल्या वाटेने, म्हणजे गल्लीनेच, परत आलो.

त्यानंतर गावाने आमचे दोर घेणे बंद केले. बापाला हलगीचे बोलावणे येईना. वस्तीतल्या दुसऱ्या बायका भीतीने पुढे कित्येक वर्षे उत्तरेनेच जात राहिल्या, आणि मायला दोष देत राहिल्या. बोअर त्या वर्षी मिळाला नाही. माय मरेपर्यंत गल्लीने गेली. पाण्याला जाताना ती पुन्हा कधी देवाचे नाव घेत नसे.

पुढच्या वर्षी मी ती परीक्षा पुन्हा दिली. सरांच्याच समोर. दोरा मी स्वतः अंबाडीच्या वाखाचा, बारीक वळून नेला होता. नंतर नांदेड जिल्ह्यात, अर्धापूरकडच्या एका शाळेत, मी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. पहिल्या दिवशी मी फळ्यावर नकाशा टांगीत नसे. तुमची माय पाण्याला कोणत्या वाटेने जाते, ती वाट काढा, असे सांगे. मग गावाचा नकाशा उघडायचा. ज्या वाटा त्यात नाहीत त्यांपाशी थांबायचे, आणि का नाहीत ते मोठ्याने म्हणायचे. हे अभ्यासक्रमात कोठे आहे, असे मला लेखी विचारण्यात आले. मी लेखी उत्तर दिले, की हे नकाशावाचन आहे.

आता वय झाले आहे. मी रोज महादेवाला जाते. सोमसूत्रापर्यंत जाते, ते ओलांडीत नाही, तेथून परत फिरते. ते माझे आणि देवाचे आहे. माणसांच्या ओसऱ्यांना मी वळसा घालणार नाही. घालणाऱ्याला पुण्य सांगणार नाही. ज्या मोजणीत माझ्या मायची वाट नाही, तिच्याखाली माझी सही येणार नाही.

दोरा माझ्याकडेच आहे. आता त्याची दोन्ही टोके माझ्या हातांत आहेत.